सोहळा बालवाचनाचा, किल्ली कार्यवाहांकडे

कार्यवाह महोदय, तुमचं वाचनालय जळगाव जिल्ह्यात, यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी कुठंतरी आहे असं धरून चालतो. शासनमान्य, ‘ब’ वर्ग. बाहेर वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी, आत बालविभाग नावाचं एक काचेचं कपाट. कार्यकारिणीत ठराव झालाय की यंदा मुलांचं द्विभाषिक वाचन वाढवायचं, कवितेतून वाढवायचं, आणि त्यासाठी सोहळा घ्यायचा. घाबरू नका. सोहळा तुम्हाला येतोच. तो नीट झाला की वाचन आणि कविता यांच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

आधी तारीख. १५ ऑक्टोबर, म्हणजे कलामांची जयंती, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून हक्काची आहे. १४ नोव्हेंबरला बालदिन, २१ मार्चला जागतिक कविता दिन, २ एप्रिलला आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. निवड करताना एकच बघा, पाहुणे कधी मोकळे आहेत. मुलांना विचारायची गरज नाही. मुलं येत नसतात, ती शाळेतून रांगेनं आणली जातात.

एका परदेशी फॅडापासून मात्र सावध राहा. अमेरिकेत पॅट मोरा नावाच्या कवयित्री आहेत, मूळच्या टेक्ससमधल्या एल पासोच्या, घरात स्पॅनिश आणि बाहेर इंग्रजी अशा वाढलेल्या. मेक्सिकोत ३० एप्रिलला बालदिन असतो. त्याला पुस्तकं जोडून मुलांचा आणि पुस्तकांचा एकच दिवस करावा, असं त्यांनी १९९६ साली सुचवलं आणि तिथल्या ग्रंथालयांनी ते उचललं. इथवर ठीक. पण त्यांचं म्हणणं असं, की मुलांना पुस्तकांशी आणि त्यांच्या घरच्या भाषेशी जोडायचं काम रोजचं, वर्षभराचं. ३० एप्रिल ही फक्त त्याची सांगता. आता हे आपल्याला कसं परवडणार? वर्षभर केलं तर हार कुणाला घालायचा आणि कधी?

फ्लेक्स बारा बाय आठचा घ्या. वर संस्थापकांचे फोटो, मधोमध पाहुणे, दोन्ही बाजूंना कार्यकारिणी. मुलाचा फोटो टाकायचाच असेल तर इंटरनेटवरून घ्या. गोरं, चष्मा लावलेलं, हातात जाडजूड पुस्तक धरून हसणारं मूल सहज मिळतं. आपल्याकडची मुलं फोटोत एवढी वाचनप्रिय दिसत नाहीत. कोपऱ्यात बहिणाबाईंचा फोटो हवाच, आपल्या जिल्ह्याची अस्मिता आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कविता त्या घरच्या लेवा बोलीत रचायच्या, त्यातल्या काही लेकानं वगैरे लिहून ठेवल्या म्हणून उरल्या, आणि पुस्तक आलं ते त्या गेल्यावर, १९५२ साली, हे सूत्रसंचालकानं गहिवरून सांगावं. आता तर विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. त्याच सूत्रसंचालकानं मागच्या रांगेत त्याच बोलीत कुजबुजणाऱ्या पोरीला ‘नीट शुद्ध बोल गं, स्टेजवर जायचंय’ असं दटावलं तर त्यात विसंगती शोधत बसू नका. बहिणाबाईंची गोष्ट वेगळी, त्यांचा फोटो आहे.

ग्रंथदिंडी सकाळी दहाला काढा. पालखीत ज्ञानेश्वरी आणि भारताचं संविधान ठेवा. दोन्ही वाचायची वेळ मुलांवर येण्याचा धोका नाही. लेझीम पथक पुढं, मुली नऊवारीत, मुलं टोप्या घालून. एखादं पोर उन्हानं चक्कर येऊन बसलं तर ग्लुकोजचं पाणी द्यावं आणि फोटोग्राफरला दुसरीकडं पाठवावं.

मग कविता. इथं जरा थांबून सांगतो, कारण खरा धोका इथंच आहे. कविता मुलांना चालीत, नुसती मजा म्हणून, पुन्हा पुन्हा म्हणू दिली तर फार वाईट परिणाम होतात. यमकामुळं मूल पुढचा शब्द आधीच ओळखू लागतं. ओळखलेला शब्द मग ते छापील ओळीत बोटानं शोधतं. तो सापडला की त्याला वाटतं, आपल्याला वाचता येतं. आणि असं एकदा वाटलं की ते खरोखरच वाचायला लागतं! तेव्हा काव्यगायन स्पर्धाच ठेवा. कविता हावभावांसह पाठ हवी, कागद हातात दिसला तर दोन गुण कमी. फुलपाखरू आलं की हात हलवायचे, आई आली की डोळे पुसायचे. पाठांतर झाल्यावर परीक्षकांनी ‘या कवितेतून आपल्याला कोणता बोध मिळतो?’ असं विचारावं. पुढच्या वर्षी त्यातलं एकही मूल आपण होऊन कवितेच्या वाटेला जात नाही.

दुसरी भाषा इंग्रजी हे गृहीतच आहे. बर्फात खेळणाऱ्या मुलांचं एखादं इंग्रजी गाणं निवडा. रावेरला मे महिन्यात केळीची पानं करपतात, तिथं ते विशेष शोभतं. अर्थ सांगू नये, इंग्रजीला अर्थ नसतो, उच्चार असतो. पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या नातवाला जाईल, तो जळगावच्या इंग्रजी शाळेत आहे. ‘आजोबा, मी बुक रीड केली’ असं तो बोलतो. त्याला मराठी जोडाक्षरं जमत नाहीत हे त्याची आई किती कौतुकानं सांगते बघा! यालाच द्विभाषिक बालक म्हणतात.

नाहीतर काही अतिउत्साही शिक्षक भलतीच मुलं पुढं करतात. पाड्यावरची पावरा आदिवासी पोरगी असते एखादी. घरी पावरी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी, टीव्हीवरून हिंदी, आणि आईबाप ऊसतोडीला सुरतकडं गेले की चार महिन्यांची गुजराती. शिक्षक म्हणतात, ही पाच भाषांतून वाट काढते. तुम्ही तिचा निकाल बघा, मराठी वाचनात ती ‘अप्रगत’ आहे. पाच भाषा येणाऱ्या अप्रगत मुलीला द्विभाषिक सोहळ्यात कुठं बसवणार? तिला दिंडीत आदिवासी नृत्यासाठी घ्या. पारंपरिक वेषात. पाहुण्यांना आवडतं.

ते शिक्षक आणखी सांगतील की २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय, शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. तुम्ही ‘शक्य असेल तिथं’ या शब्दांवर बोट ठेवा. ते म्हणतील, ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर आदिवासी भाषांतलीसुद्धा चित्रपुस्तकं फुकट मिळतात, छापून वाटायला परवानगी आहे, एका पानावर दोन भाषा शेजारी शेजारी असलेली पुस्तकंही आहेत. मुलीच्या आजीला बोलावू, ती पावरीत गाणं सांगेल, मुलं ते देवनागरीत लिहून काढतील, खाली मराठी अर्थ लिहितील, आणि तेच त्यांचं पहिलं वाचनाचं पुस्तक होईल. बहिणाबाईंच्या कविता तरी अशाच कागदावर आल्या, असंही वर ऐकवतील. शांतपणे ऐकून घ्या. मग विचारा, या पुस्तकाला आयएसबीएन आहे का? दाखल रजिस्टरमध्ये त्याची किंमत काय लिहायची? आजीला मानधन खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली टाकायचं? शाल-श्रीफळाचं शीर्ष आहे, आजीचं नाही.

बालविभागाचं कपाट त्या दिवशी पुसून ठेवावं, झेंडूची माळ घालावी, उघडू मात्र नये. उघडलं तर मुलं हात घालतात. हात घातले की पानं दुमडतात, एखादं पुस्तक गहाळ होतं, आणि लेखापरीक्षणात ग्रंथपाल बाईंना उत्तर द्यावं लागतं. त्यांना अनुदानातून जो काही तुटपुंजा पगार मिळतो, त्यातून भरपाई करायची म्हटलं तर त्या तरी बिचाऱ्या कुलूप कशाला काढतील? ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा फोटो भिंतीवर आहेच, १२ ऑगस्टला, जयंतीला, त्याला हार पडतो. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांतला पहिला नियम. फोटोवर काच आहे, त्यामुळं त्यांना बोलता येत नाही.

अहवालात उपस्थिती मुलांची लिहा, खुर्च्यांची नव्हे. मुलं जमिनीवर असल्यानं खुर्च्या मोजल्या तर आकडा कमी भरतो. ‘घरी नेलेली पुस्तकं’ असा रकाना नमुन्यात नसतो, आपण होऊन तो आखू नये.

आणि फ्लेक्सवर पैसे उडवू नका. पुढं फेब्रुवारीत २१ला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन आहे, जगातल्या सगळ्या मातृभाषांचा, आणि लगेच २७ला आपला मराठी भाषा गौरव दिन. एका आठवड्यात दोन फ्लेक्स कशाला? २१ तारखेचा छापून घ्या. नंतर ‘१’वर ‘७’ चिकटवायचा, ‘मातृ’वर ‘मराठी’ चिकटवायचं, उरलेली पट्टी ‘आंतरराष्ट्रीय’वर. डिंक चांगला घ्या, मागच्या वर्षी भाषण सुरू असतानाच वारं सुटलं होतं.