फळीला किती दिलेत?

माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा मानेकडचा हमबकर गढूळ बोलतो. हमबकर म्हणजे तारांखालचा दोन कॉइलींचा पिकअप, तारेची थरथर चुंबकाने पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारा. एकेक तार छेडली तर ठीक, पण पूर्ण कॉर्ड वाजवली की सहा तारांचा मिळून गिचका. स्क्रू फिरवून पिकअप तारांपासून खाली उतरवून पाहिला, आवाज-टोनच्या बटणांखालचे पॉट ५०० के, म्हणजे ५०० किलोओहमचेच आहेत याची खात्री करून घेतली. मग शनिवारी दुकान गाठलं, आणि अजून जळफळतोय.

"क्लिअर पाहिजे? हा घ्या. १६ किलोओहम, सिरॅमिक मॅग्नेट. एकदम कडक," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.

म्हटलं, बाबा रे, मला नेमकं उलटं हवंय. कॉइलची वेटोळी वाढवली की किलोओहम वाढतात, दणका वाढतो, पण वरचे सूर त्यात गुदमरतात. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल एकमेकांविरुद्ध जोडून विजेची घरघर मारली, त्या काळातले पिकअप सात-आठ किलोओहमचे, अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मॅग्नेटचे. त्या जातीचं काही दे.

"जुना माल नाही ठेवत आम्ही."

तेवढ्यात बाकड्यावरचे एक काका उठले. भजनी मंडळाची पेटी घेऊन आले होते; काळी चार अडकत होती. ती होईपर्यंत त्यांना उद्योग नव्हता. त्यांनी न विचारता माझी गिटार उचलली, कानाशी धरली आणि नखाने तार ओढली.

"हिला आवाजच नाही."

"काका, ती अ‍ॅम्पला जोडल्यावर वाजते."

"ते कळलं हो. पण मुळात आवाजच नाही, तर स्वच्छ कुठून येणार?" मग पाठीवर बोटाने टकटक. "भोपळा कुठाय? ही तर फळी. फळीला किती दिलेत?"

मी, का कोण जाणे, खरा आकडा सांगितला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पोराकडे पाहिलं. पोराने मान हलवली. माझ्या बाजूने नाही.

"असं करा, तंबोऱ्याची काढतात तशी जवारी काढून घ्या. तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा सरकवायचा, बघा आवाज कसा उघडतो. नाहीतर सरळ मिरजेला पाठवा."

गंमत बघा, तंबोऱ्यात झणकार मुद्दाम आणायचा, आणि इथे एका माणसाने घरघर घालवण्याचं पेटंट घेतलं! मी समजावलं, की काका, यात तारेचा आवाज चुंबकामुळे पुढे जातो.

"मग चुंबकच काढा ना! घाण तिथेच आहे."

चीड याची येते, की काढायलाच तर मी आलो होतो.

आणि पर्याय तरी काय आहे? आपण आंबासुद्धा नाकाला लावून घेतो. पिकअप मात्र न ऐकता घ्यायचा. ऐकायचा तर गिटारला जोडायला हवा, आणि एकदा सोल्डर लागलं की माल परत नाही. बाहेरून मागवा तर कस्टमची ड्युटी आपल्याच बोडक्यावर. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत सगळेच पिकअप काचेसारखे वाजतात, कारण अ‍ॅम्प, माइक आणि बोटं त्यांची असतात.

शेवटी ऑर्डर द्यायचं ठरवलं. निम्मे पैसे आगाऊ. पोराने पावती फाडली: 'पिकअप, मोठा आवाज, नग १'.

"अरे, मोठा नाही, कमी आउटपुटचा. अल्निको लिही."

"कंपनीला कळतं ते."

पेटी तयार झाली. काकांनी काळी चार दाबून पाहिली, दीडशे सांगितलेले शंभरवर आणले, आणि जाताना मला म्हणाले, "फळी विकायची असेल तर सांगा. नातवाला घेईन. पण त्या भावात नाही हं."