छापलेलं तेवढंच खरं?

काल कट्ट्यावर हळदीवरून जुंपली. मकरंदचा चहा तसाच निवत राहिला.

“आपलं पारंपरिक ज्ञान जपायला सरकार काहीच करत नाही असं म्हणू नका,” तो म्हणाला. “१९९५ मध्ये हळदीनं जखम भरण्याचं अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं होतं. शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, भांडून १९९७ मध्ये ते पाडलं. नंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह सुरू झाला. जुन्या ग्रंथांतले औषधांचे पाठ इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानीत आणले. पेटंट तपासणाऱ्याला तिथंच सापडतं, हे जुनंच आहे!”

“पण पाडलं कशाच्या जोरावर?” शुभाताईनं विचारलं. ती बरीच वर्षं जव्हारकडे शाळेवर होती. “आमच्या आज्या हळद लावायच्या, हे तिथं पुरावा म्हणून चालत नव्हतं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर धरत नसत, छापील लागायचं. संस्कृत ग्रंथ होते, १९५३ चा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख होता, म्हणून निभावलं. पाड्यावरच्या भगतानं काय दाखवायचं?”

“त्याच्यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे. गावची समिती लोक जैवविविधता नोंदवही करते, गावातल्या वनस्पती आणि त्यांचे उपयोग त्यात लिहून ठेवते.”

इथं मला राहवलं नाही. नोंदवही हवीच, पण २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथबद्ध, म्हणजे जुन्या ग्रंथांत लिहिलेलं ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून, म्हणजे कमाईतला वाटा देण्यातून सूट दिली. एखादी मुळी ग्रंथात आहे आणि पाड्यावरही पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, तर कंपनी ग्रंथाकडेच बोट दाखवणार. पाड्याच्या हाती काय लागणार? हे माझ्या मनाला फार लागतं.

शुभाताईनं केरळातल्या काणी आदिवासींचं उदाहरण काढलं. डोंगर चढताना थकवा येऊ नये म्हणून ते आरोग्यपच्चा या वनस्पतीची फळं खायचे. त्यांच्याकडून कळलं म्हणून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेनं ‘जीवनी’ हे औषध केलं. १९९५ मध्ये ते बनवायचा परवाना १० लाख रुपये आणि २ टक्के रॉयल्टीवर दिला, त्यातला निम्मा वाटा काणींचा ठरला.

“बघ, झालंच ना!” मकरंद म्हणाला.

“झालं. पण तेव्हा कायदाच नव्हता. संस्थेतल्या माणसांना वाटलं, म्हणून झालं.”

मकरंद जरा थांबला. “बरं, पण एकच मुळी दहा पाड्यांना माहीत असते. पैसे द्यायचे कुणाला?”

“ते पाडेच सांगतील. आधी विचारायला कुणी जाऊ दे तरी!”