टँडेमची चाके, ब्रेक पॅड आणि आरामखुर्ची

नमस्कार. प्रवासी टँडेमच्या, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या लांब पल्ल्याच्या सायकलीच्या, चाकांवरील माझ्या लेखाला आपण पाच आक्षेप घेतलेत. मागच्या चाकाला ४० स्पोक सुचवणे हा भित्रेपणा आहे, ३२ पुरतात. डिस्क ब्रेकला रेझिन पॅड, म्हणजे राळेसारख्या पदार्थाने बांधलेले मऊ पॅड, सुचवणे चूक आहे. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी चुकली आहे. ड्रॅग ब्रेक, म्हणजे लांब उतारावर सतत लावून ठेवायचा जादा ब्रेक, आता कोणी लावत नाही. आणि शेवटी, ‘लेखकाने हे सारे आरामखुर्चीत बसून लिहिलेले दिसते.’ पहिल्या चारांवर बोलता आले असते. पाचव्याचे प्रयोजन काय, हे मला अद्याप उमगलेले नाही.

हबचे मान्य. टँडेमच्या खास मागच्या हबची रुंदी सहसा १४५ मि.मी. असते, लेखात १३५ पडले होते. दुरुस्त केले आहे, आभारी आहे.

आता आरामखुर्ची. गेली ११ वर्षे मी पुढे आणि पत्नी मागे, असे आम्ही सामानासह टँडेमवर फिरत आहोत. पहिल्याच मोठ्या उतारावर मी ब्रेक सतत दाबून धरला होता. वळणावर थांबून बाटलीतले पाणी मागच्या रिमवर ओतले, तर चर्र असा आवाज आला, आणि दुसऱ्याच क्षणी टायर रिमवरून सुटून ट्यूब फुटली. सुदैवाने सायकल उभी होती. वीतभर फाटलेली ती ट्यूब अजून माझ्या कपाटात आहे. हवी असल्यास छायाचित्र पाठवतो.

दोन माणसे, सायकल आणि सामान मिळून आमचे वजन १९० किलो भरते. ५०० मीटर उंचीवरून खाली येताना त्यातून सुमारे ९३० किलोज्यूल ऊर्जा सुटते. काही वाटा हवा घेते, उरलेला बहुतेक ब्रेकच्या माथी. मागचा माणूस पुढच्याच्या आडोशाला असल्यामुळे वजन दुप्पट झाले तरी हवेचा विरोध दुप्पट होत नाही, म्हणून तोच वेग राखायचा तर ब्रेकवर दुपटीहून अधिक भार येतो. आपण एका माणसाच्या सायकलीचा हिशेब मांडून मला भित्रा ठरवता, याला काय म्हणावे?

स्पोकचेही तसेच. स्पोक सहसा एका दणक्याने तुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तळाशी आला की किंचित सैलावतो, वर गेला की पुन्हा ताणला जातो, आणि अशा लाखो हेलकाव्यांनी थकून हबजवळच्या वाकणात तुटतो. स्पोक जास्त असले की प्रत्येकाच्या वाट्याचा भार कमी होतो, आणि हब रुंद असले की दोन्ही बाजूंचे ताण जवळजवळ सारखे ठेवता येतात. आमच्या ३२ स्पोकच्या चाकाचे एका सहलीत तीन स्पोक गेले आणि रोज संध्याकाळी मी कंदिलाच्या उजेडात चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसलो. आरामखुर्चीत बसून हे जमते का, ते आपण करून पाहावे आणि कळवावे.

रेझिनविषयी थोडक्यात. ते थंड असतानाही लगेच धरतात आणि आवाज करत नाहीत. फार तापले की त्यांना चकाकी येऊन पकड ढिली पडते आणि तिथे सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड जास्त टिकतात, हे मला ठाऊक आहे. ते जाणत्या वाचकाला सांगावे लागू नये. शिवाय काही रोटरवर, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीवर, फक्त रेझिन वापरण्याची सूचना कोरलेली असते, ती आपण वाचली असेलच. आमच्या सायकलीला डिस्क नाही, रिमला कूल स्टॉप कंपनीचे सॅमन रंगाचे पॅड आहेत, पण त्याचा इथे संबंध नाही.

राहिला ड्रॅग ब्रेक. त्यासाठी वापरले जाणारे आराई कंपनीचे ड्रम ब्रेक आता बनत नाहीत, हे खरे. आमचा जुना आहे आणि चालतो. त्याची कळ मागे, पत्नीच्या हाताशी आहे. ट्यूब फुटल्यानंतरच्या आठवड्यात तिनेच ती तिथे बसवून घेतली.