'तू फक्त सांग, मी करतो' म्हणणाऱ्यांनो

'तू फक्त सांग, मी करतो.' हे वाक्य ऐकलं की आता माझ्या डोक्यात तिडीक जाते.

काय सांगू? कुठल्या खणात काय कोंबलंय ते सांगू, त्यातलं काय ठेवायचं ते सांगू, टाकायचं ते कुठे नेऊन द्यायचं ते सांगू, मग नेलं का म्हणून विचारू, आणि नेलं नसेल तर परत आठवण करू. एवढं सगळं झाल्यावर तुमच्या वाट्याला राहिलं काय? एक पिशवी उचलून दाराबाहेर ठेवणं. तेवढं मी करते हो. पिशवी उचलायला माणूस मिळत नाही, ही माझी तक्रारच नाही. घरात कुणी स्वतःहून विचार करत नाही, ही आहे.

परवा माळा आवरायला काढला. आधी महिनाभर सगळ्यांना सांगत होते, की आपापल्या वस्तू बघून घ्या. कुणी हूं की चूं केलं नाही. पण मी खोकी खाली उतरवून दाराशी लावली आणि घरातला एकूण एक माणूस तिथे हजर. 'अगं, हे कशाला टाकतेस?' 'वहिनी, ते राहू दे, लागेल कधीतरी.' 'आई, ते माझं आहे!' ज्या वस्तूंचा वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नव्हता, त्यांचे मालक एका क्षणात उगवले. कुठल्याच फोनला न बसणाऱ्या चार्जरचं भेंडोळं. कधीच मोडीत निघालेल्या यंत्रांची माहितीपुस्तकं. डबे हरवलेली झाकणं. अर्ध्या तासात निम्मा ढीग परत आत गेला, आणि तो परत माळ्यावर चढवायला कोण होतं? मीच.

त्यात दिरांचे ते बूट. 'अगदी नवेच आहेत, दोनदा घातलेत फक्त.' खोक्यातून काढून घातले आणि चार पावलांत तळव्याचे तुकडे पडले. पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचे तळवे हवेतल्या दमटपणाने आतून विघटित होत जातात. बूट नुसते वापरले नाहीत म्हणजे ते टिकतात, असं नाही. इलास्टिक सैल पडतं, रबर चिवटपणा सोडतं, पावत्यांवरची छपाई उडून कोरा कागद उरतो. 'जपून ठेवलंय' म्हणता तेव्हा ती वस्तू बहुतेक वेळा अंधारात हळूहळू खराबच होत असते. आणि जुन्या खेळण्यांमध्ये, रिमोटमध्ये विसरलेले सेल? ते गळतात. तो पांढरा थर दिसतो ना, तो सेलमधून बाहेर आलेल्या क्षाराचा. नुसत्या हाताने पुसला तर कातडी चुरचुरते. माझी चुरचुरली.

सगळ्यात धोक्याचा निघाला फुगलेला जुना मोबाइल. त्यातली लिथियम बॅटरी फुगली म्हणजे ती केव्हाही पेट घेऊ शकते. ती साध्या कचऱ्यात टाकायची नसते, कचऱ्याच्या गाड्यांना अशाच बॅटऱ्यांनी आगी लागतात. ती वेगळी काढून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी लागते. हे शोधून काढलं मी, नेऊन दिली मी. 'आत माझे फोटो आहेत, टाकू नकोस' हे मात्र सांगायला चिरंजीव आले. फोटो काढून घे म्हणून किती वेळा सांगितलं होतं!

आपली वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते, हे मला समजतं. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. काही जणांना कॉफी प्यायचे साधे मग देऊन टाकले आणि विकायला किती घ्याल विचारलं. बाकीच्यांना तोच मग विकत घ्यायला किती द्याल विचारलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली, आणि तो मग त्यांच्याकडे येऊन थोडाच वेळ झाला होता! मग वर्षानुवर्षं घरात पडून असलेल्या वस्तूचं काय होत असेल. कबूल. पण जीव अडकलाय तर ती पुसा, नीट ठेवा, तिची जागा तुम्ही ठरवा. प्रेम तुमचं आणि धूळ माझी, हे चालणार नाही.

सहलीचंही तेच. एकत्र कुटुंबाची सहल म्हणजे सगळ्यांना हौस. कुठे जायचं विचारलं की 'मला काहीही चालेल'. कधी? 'तुम्ही ठरवा.' हे उत्तर म्हणजे मोठेपणा आहे असं वाटतं लोकांना. तो मोठेपणा नाही, अंग काढून घेणं आहे. कारण मी ठरवलं की लगेच सुरू होतं: एवढ्या पहाटेची गाडी का, खोल्या लांब-लांब का, तिथे चढ फार आहे, मुलांना करमत नाही. अरे, मग विचारलं तेव्हा तोंड का उघडलं नाही?

आणि तो चढ कुणी लक्षात घ्यायचा होता? सासूबाईंचे गुडघे दुखतात हे त्यांच्या लेकांना माहीत नाही का? बऱ्याच देशांत पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते, हे कुणी बघायचं? पॉवर बँक विमानात सोबतच्या बॅगेत ठेवायची, सामानात सोडायच्या बॅगेत नाही, हे दर वेळी मीच ओरडून सांगायचं? रोजची औषधं जास्तीच्या दिवसांची घ्या, आणि ती हाताशी ठेवा, हेही मीच? गेल्या सहलीत जाऊबाई आणि मी रात्री बॅगा भरत बसलो होतो आणि बाहेर सगळे 'किती मजा येणार' म्हणून गप्पा मारत होते. मजा येते हो. आम्ही दोघी ती आधी बॅगेत भरतो म्हणून येते.

परत आल्यावर बॅगा हॉलमध्ये तशाच. ज्याला गरज लागेल तो वरून एक कपडा ओढणार. हौसेने आणलेल्या शोभेच्या वस्तू टेबलावरून कपाटात, कपाटातून माळ्यावर. दर सहल माझ्या माळ्यावर एक खोकं वाढवते.

आता कुणी म्हणेल, ही उगाच चिडते, सगळीकडे असंच असतं. सगळीकडे असतं हे खरंच आहे, आणि म्हणूनच संताप येतो. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 35 जोडप्यांच्या मुलाखती घेऊन 2019 मध्ये यावर लिहिलं. घरच्या कामाच्या मागे जे डोकं चालतं, त्याचे त्यांनी चार भाग केले: काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि पुढे झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांना काय दिसलं? निर्णय घेताना नवरा-बायको दोघंही असतात. आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं, हे मात्र जास्त करून बायकोकडे. हे वाचून मी तो कागद नवऱ्यापुढे ठेवला. आमच्या माळ्याखाली नेमकं हेच तर घडलं होतं! निर्णयाला अख्खं घर, आणि त्याच्या आधी-नंतर मी.

पसाऱ्याचा शरीराशीही संबंध दिसतो. 2010 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात जोडप्यांना आपापलं घर दाखवत बोलायला लावलं होतं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्यात ताणाशी जोडलेल्या कॉर्टिसोल या संप्रेरकाची पातळी दिवस सरताना जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. पसाऱ्याकडे 'दुर्लक्ष कर ना' म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. तुम्हाला त्यात वस्तू दिसतात. मला त्यात राहिलेली कामं दिसतात.

सासूबाईंच्या सामानावरून तर कहरच झाला. त्यांच्या ट्रंकेला हात लावायचा नाही, 'आईला वाईट वाटेल', हे सगळे भाऊ एका सुरात बोलत आले. आईला विचारलं होतं का कुणी? शेवटी मी विचारलं. म्हणाल्या, 'अगं, मीच कधीची म्हणतेय, रिकामी करा. माझ्या मागे तुम्हाला उपसायला नको.' मग शांतपणे बसल्या, त्यांच्या आईच्या हातची एक गोधडी आणि काही पत्रं बाजूला काढली, बाकी स्वतःच्या हाताने वाटून टाकलं. आणि जी मुलं इतकी वर्षं त्यांच्या नावाने अडवत होती, त्यातलं एकही त्या दुपारी शेजारी बसलं नाही. पत्रं मी वाचून दाखवली त्यांना. हा राग माझ्या मनातून जाणार नाही.

आठवणी टाका असं मी म्हणत नाही. ती गोधडी आज माझ्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात आहे, घडी घालून. मी म्हणते ते इतकंच: अडवणार असाल तर पुढचं सगळं तुमचं.

म्हणून मी घरात सांगून टाकलंय. माळ्यावरचं प्रत्येक खोकं आता ज्याचं त्याच्या खोलीत, पलंगाखाली जागा नसेल तर पलंगावर. पुढच्या सहलीचं दिरांनी आणि नवऱ्याने मिळून बघायचं: जागा, गाडी, खोल्या, आईचे गुडघे, औषधं, सगळं. मला तारीख कळवा, मी माझी बॅग भरून तयार राहीन. आणि मला एकदाही विचारायचं नाही, 'तू फक्त सांग, काय करायचं ते.'