घटस्फोट घेतलेले सुखी होत नाहीत म्हणे

लग्नसराई आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांचा ठरलेला मेसेज येतो: ‘भारतात घटस्फोट नगण्य, कारण आपले संसार सुखी. घटस्फोटित कधीच सुखी होत नाहीत. नेटाने टिकलेली जोडपी मात्र पाच वर्षांत सुखी होतात, अमेरिकेत सिद्ध झालंय.’ खाली हात जोडलेले.

नगण्य? 2011 च्या जनगणनेत घटस्फोटित साधारण 13.6 लाख. पण त्याच तक्त्यात, घटस्फोट न घेता वेगळे राहणारे सुमारे 35 लाख. कोर्टाची पायरी न चढता माहेरी परतलेली बाई यांतच येते. तिचाही संसार सुखीच धरायचा का? आणि काडीमोड, पाट (म्हणजे दुसरं लग्न) या रीती आपल्याकडच्या कितीतरी जातींत कायद्याच्या आधीपासून होत्या. ‘आपल्यात नव्हतं’ म्हणणाऱ्याने आपल्यात म्हणजे कुणाच्यात, तेही सांगावं.

अमेरिकेचा दाखला खोटा नाही, अर्धा आहे. 2002 चा, समाजशास्त्रज्ञ लिंडा वेट आणि सहकाऱ्यांचा तो अहवाल. लग्नात दुःखी असूनही टिकलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पाच वर्षांनी सुखी होते, हे त्यात आहेच. पण कोण थांबलं, कोण निघालं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांना अजून आशा होती तेच थांबले असणार. शिवाय अहवाल म्हणतो, वेगळे झालेले सरासरीने थांबलेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हते. याचा अर्थ दुःखी झाले असा कुठून काढला?

‘कधीच नाही’ तर साफ चूक. ब्रिटनमधल्या त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं विचारलेल्या प्रश्नांवरून गार्डनर आणि ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की घटस्फोटानंतर दोन वर्षांनी मनावरचा ताण घटस्फोटाच्या दोन वर्षं आधी होता त्यापेक्षा कमी असतो, बायकांचाही, पुरुषांचाही. जर्मनीतली आकडेवारी जरा कडू आहे: समाधान घटस्फोटाच्या आधीच घसरतं, नंतर हळूहळू चढतं, पण सरासरीने पूर्वीइतकं होत नाही. म्हणजे सुटका झाली की आनंदीआनंद, हेही खरं नाही.

माझी मावशी शेहेचाळिसाव्या वर्षी वेगळी झाली. पहिलं वर्ष वाईट गेलं. पैशांची ओढाताण, त्यात शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. हे दुःख घटस्फोटाच्या खात्यावर मांडायचं की शेजारणींच्या? पूर्वी रात्री आठला कुलपात किल्ली फिरली की पोळी लाटता लाटता तिचा हात थांबायचा. आम्ही मुलांनी पाहिलंय ते, मामांनीही पाहिलंय; सख्खे भाऊच आहेत तिचे. आता आठ वाजता ती टीव्ही मोठ्याने लावते.