"बीच क्लीनअप म्हणजे नाटक" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

शनिवारी रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला, "मावशी उद्या मी येत नाही, त्याचा काही उपयोग नसतो म्हणे." आणि खाली तो फॉरवर्ड, जो तोपर्यंत आमच्या गोव्यातल्या, पेडण्याच्या तीन ग्रुपवर फिरून झाला होता. नववीतली पोर, गेलं वर्षभर माझ्याबरोबर मोरजीच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला येते, पोतं धरते, आणि चार ओळी वाचून तिला वाटलं की आपण इतके दिवस फुकट वाकलो. म्हणून लिहितेय, आणि राग आलाय तो लपवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावर धड वस्तीसुद्धा नाही तरी किनारे प्लास्टिकने भरलेत, 12 जणांनी पाच आठवडे उपसून पाच टक्केही निघालं नाही. समुद्रातलं 90 टक्के प्लास्टिक 10 नद्यांतून येतं, त्यात गोव्याची एकही नाही. आणि राहिलेलं उन्हापाण्यात आपोआप विरघळतं. तेव्हा बीच क्लीनअप म्हणजे फोटोपुरतं नाटक.

नद्यांचं आधी उरकते. तो आकडा 2017 च्या एका अभ्यासातला, आणि तो फक्त नद्यांतून येणाऱ्या प्लास्टिकबद्दल आहे, समुद्रातल्या सगळ्या प्लास्टिकबद्दल नाही. बोटींवरून पडलेली जाळी, किनाऱ्यावर टाकलेला कचरा त्यात धरलेलाच नाही. 2021 मध्ये नवा अभ्यास आला, त्यात नद्यांमधलं 80 टक्के प्लास्टिक हजाराहून जास्त नद्यांतून येतं असं निघालं, त्यात शहरांजवळच्या छोट्या नद्याही भरपूर. संपला विषय.

आता "विरघळतं". हे वाचून माझं डोकंच फिरलं. साखर विरघळते, मीठ विरघळतं. प्लास्टिक उन्हाने कडक होतं, मोडतं, लाटांनी घासून बारीक होतं, जात कुठेच नाही. गेल्या मे महिन्यात मोरजीला वाळूत अर्धा रुतलेला मासळीचा निळा क्रेट दिसला, भाचीने कड धरून ओढला तर कड तेवढी हातात आली आणि बाकीचा पापडासारखा मोडला. त्या एका क्रेटचे नखाएवढे तुकडे आम्ही पाऊण तास वेचत होतो, शेवटी वाळू चाळून घेतली, तरी निळे कण दिसतच होते. तोच क्रेट वर्षभर आधी उचलला असता तर एका माणसाचं एका मिनिटाचं काम होतं! हिंदी महासागरातल्याच कोकोस बेटांवर शास्त्रज्ञांनी मोजदाद केली, 2019 मध्ये छापून आली, अंदाजे 41 कोटी 40 लाख तुकडे, 238 टन, आणि त्यातले 93 टक्के वरून दिसतच नाहीत, वाळूच्या वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये गाडलेले. तर विरघळतं म्हणजे हे.

त्याच लोकांनी तिथे आणखी एक गोष्ट मोजली, जी मला झोपू देत नाही. शंखात राहणारा खेकडा सावलीला म्हणून उघड्या बाटलीत शिरतो, आतली भिंत गुळगुळीत, बाहेर येता येत नाही, मरतो. मेलेल्या खेकड्याच्या वासाने दुसऱ्यांना वाटतं शंख रिकामा झाला, घर मिळालं, म्हणून ते येतात आणि तेही अडकतात. कोकोस आणि पॅसिफिकमधलं हेंडरसन बेट, दोन्ही मिळून अंदाज असे अडकलेल्या 5 लाख 70 हजार खेकड्यांचा. आता सांगा, एक बाटली उचलण्याचा उपयोग नाही?

अल्दाब्राचे आकडे मात्र खरे आहेत, ते मान्य. 2019 मध्ये 25 टन काढलं आणि अंदाजे 513 टन उरलं. पण उचललं, वजन केलं, म्हणून तर कळलं की वजनाने 80 टक्क्यांहून जास्त माल मासेमारीच्या बोटींचा आहे, जाळी आणि दोर. जाब कोणाला विचारायचा ते त्या पोत्यांनी सांगितलं. आणि त्या अभ्यासकांनी पुढे हिशेबही मांडलाय की सगळं काढायला अंदाजे 46 लाख 80 हजार डॉलर आणि 18,000 तासांचं श्रम लागेल. कामच फुकट वाटलं असतं तर हा हिशेब कशाला केला असता? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे नेमकं गाळलंय.

कचरा परत येतो हेही खरं, पावसाळ्यानंतर तर शापोरा नदीच्या तोंडाशी बघवत नाही. आणि हो, फोटोवाले असतात. एकदा एका कंपनीची माणसं आली, बॅनर धरून फोटो काढले आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या तिथेच टाकून गेली, त्या आम्ही उचलल्या. पण त्यांच्यामुळे कासवं अंडी घालायला येतात तो किनारा तसाच सोडायचा का? घर झाडलं की उद्या परत केर येतोच, म्हणून झाडू टाकून देतो का आपण?

हे सगळं भाचीला व्हॉइस मेसेजवर सांगितलं, सहा मिनिटांचा झाला. तिने सकाळी साडेपाचला एवढंच विचारलं, "मग आधी दोर काढायचे की बाटल्या?"

बाटल्या. झाकण नसलेल्या आणि तोंड वर असलेल्या, त्या सगळ्यात आधी.