‘काटा मारतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

आमच्या लॉन्ड्रीत किलोवर धुवायला टाकलेले तुमचे कपडे बुधवारी संध्याकाळी देतो असं कबूल करून आम्ही ते गुरुवारी दुपारी दिले, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्हाला शुक्रवारी पहाटेच्या विमानाने बेंगळुरूला निघायचं होतं आणि आमच्यामुळे तुमची बॅग भरायची घाई झाली. एक ड्रायर बंद पडला होता. तरी निदान एक फोन करायला हवा होता. तो केला नाही, ही आमची चूक.

पण एक स्टार देताना तुम्ही लिहिलंत की घरी वजन केलं तेव्हा कपडे 5.2 किलो होते, दुकानात 6.38 दाखवले, साडेसहाचं बिल लावलं, “हे लोक काटा मारतात.” उशिराबद्दल तुम्ही याच्या दुप्पट बोलला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. हा शब्द मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाही.

आमचं घर सांगलीकडचं, ऊसवाल्यांचं. काटामारी म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहिलंय. उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढायच्या आधी वडील ती बाहेरच्या खासगी काट्यावर नेऊन वजन करून घ्यायचे आणि दोन्ही पावत्या एकाच टाचणीला लावून ठेवायचे. त्या दोन आकड्यांतला फरक बघताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला अजून आठवतं. त्यामुळे तुम्ही घरी वजन करून आणलंत याचा मला अजिबात राग नाही. गिऱ्हाइकाने वजन बघावंच.

आता तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेल्या फोटोविषयी. तो मी मोठा करून पाहिला. तुमचा बाथरूमचा काटा पायपुसण्यावर ठेवलाय आणि कपड्यांची निळी पिशवी दाराच्या चौकटीला टेकलीय. पिशवीचा खालचा कोपरा फरशीला लागलाय. अशा डिजिटल काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात आणि जो भार त्या पायांवरून जातो तेवढाच तो मोजतो. खाली मऊ कापड असलं की पाय त्यात रुततात, काट्याची पाठ कापडावर टेकते, आणि चौकटीने व फरशीने उचललेला भार तर मोजलाच जात नाही. शिवाय तुमचा काटा शंभर-शंभर ग्रॅमनेच पुढे सरकतो. माणसाच्या वजनाला तेवढं चालतं, पण ज्याचे किलोमागे पैसे द्यायचे त्याला चालत नाही.

तुम्ही म्हणता, याच काट्यावर सुटकेस 14.6 भरली आणि विमानतळावर 14.7 निघाली, म्हणजे काटा बरोबर आहे. तो बरोबरच असणार. पण सुटकेसच्या वेळी तुम्ही ती हातात धरून काट्यावर उभ्या राहिलात आणि स्वतःचं वजन वजा केलंत, असं तुम्हीच लिहिलंय. तीच योग्य पद्धत आहे. सगळा भार पायांखालून जातो, कुठे काही टेकत नाही. पंधरा किलोच्या मर्यादेला एवढा अंदाज पुरतो. कपड्यांची पिशवी पण तशीच धरून, पायपुसणं काढून, सरळ फरशीवर तीनदा मोजली असती तर आज ही वेळ आली नसती.

आमचा काटा 30 किलोचा आहे, 5 ग्रॅमने मोजतो. वजनमापे खात्याकडून तो दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. तारेला निरीक्षकांचा शिक्का आहे, प्रमाणपत्र काउंटरमागे भिंतीवर लावलंय. सहा किलोच्या वजनाला त्या तपासणीत 5 ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही. तुमच्या साहेबांसमोर पिशवी ठेवली तेव्हा आकडा त्यांच्याच बाजूला दिसत होता. ते फोनवर बोलत होते, त्यांनी मान हलवली, आमच्या पोराने चिठ्ठी लिहिली. त्याच पोराला तुम्ही रिव्ह्यूमध्ये चोर म्हणालात. तो कालपासून काउंटरवर उभा राहायला नाही म्हणतोय.

एक गोष्ट मात्र मीच सांगतो, कारण ती आमच्या वहीत आहे. त्या संध्याकाळी मुसळधार पाऊस होता, साहेब टू-व्हीलरवरून आले, पिशवी वरून ओली होती आणि आत दोन सोलापुरी चादरी, टॉवेल, जीन्स. सुती कपडा पाणी धरतोच. धुऊन, वाळवून बांधताना आम्ही परत वजन केलं तेव्हा 5.91 भरलं. म्हणजे 470 ग्रॅम नुसतं पाणी होतं आणि त्याचे 90 रुपये किलोने 42 रुपये 30 पैसे तुमच्याकडून घेतले गेले. साडेसहाला पूर्ण केलं त्याचे आणखी 10 रुपये 80 पैसे. अर्धा किलो पुढे धरायचा नियम बोर्डावर लिहिलाय, पण ओल्या कपड्यांचं काही लिहिलेलं नाही आणि ते घेताना सांगितलं पण नाही. हे 53 रुपये 10 पैसे तुमचे आहेत, ते मी परत करतो. पावसाळ्यात ओल्या पिशवीला काहीतरी वजावट धरायची, अर्ध्या किलोचं पण बघायचं, असं घरी बोलणं झालंय.

पण 5.91 आणि तुमचे 5.2 यांत जे 710 ग्रॅम राहतात ते मी खाल्ले नाहीत, ताई. ते चौकटीने, फरशीने आणि पायपुसण्याने धरले.

तुमचा रिव्ह्यू वाचून काल एक कॉलेजची मुलगी बॅग लटकवून मोजायचा तिचा छोटा काटा घेऊन आली. काही न बोलता तिने पिशवी त्याला अडकवली. 5.16. मग आमच्या काट्यावर ठेवली. 5.14. ती “सॉरी काका” म्हणाली आणि कपडे देऊन गेली. ती आली म्हणून कळलं. जे वाचून परस्पर दुसरीकडे गेले त्यांना मी काय दाखवणार? दुकानाचं भाडं आणि मशीनचे हप्ते किलोकिलोने जमा होणाऱ्या पैशांवर चालतात. जवळच्या हॉस्टेलची मुलं हे असलं वाचूनच दुकान ठरवतात.

तुम्ही कधीही या. येताना न फोडलेली पाच किलोची आट्याची पिशवी आणा किंवा मोजून भरलेली पाण्याची बाटली आणा, लिटरभर पाणी म्हणजे किलो. आमच्या काट्यावर स्वतःच्या हाताने ठेवून बघा. काट्यात खोट निघाली तर तुमचं सगळं बिल परत. नाही निघाली तर तेवढा एक शब्द काढा. उशिराचं लिहिलंय ते राहू द्या, ते खरं आहे.

आणि बाळाचा पिवळा पायमोजा हरवला म्हणालात, तो सापडलाय. ड्रायरच्या जाळीपाशी अडकला होता. 53 रुपये 10 पैशांसोबत पाकिटात घालून काउंटरवर ठेवलाय. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी रोज रात्री नऊपर्यंत आहे.